अडसर नावाचा पत्ता

३ नोव्हेंबर

प्रथमेशचा डेक मोडायचा आहे. त्यासाठी एक पत्ता बनवायचा आहे. जे होईल ते इथे लिहीन.

आधी साध्या गोष्टी. गेमचं नाव नौबत. ऑनलाइन खेळतात. दोघे समोरासमोर, प्रत्येकाची एक गढी, तीस पत्त्यांचा डेक. पत्ता टाकायला दम लागतो. पहिल्या खेळीत एक दम मिळतो, दुसऱ्या खेळीत दोन, असा वाढत जातो. ज्याची गढी आधी पडेल तो हरला. बरेचसे पत्ते विकत घ्यावे लागतात. पण वर्षातून दोनदा खेळणाऱ्यांपैकी कुणी बनवलेला एक पत्ता गेममध्ये घेतात. त्याला घरचा पत्ता म्हणतात. तो सगळ्यांना फुकट मिळतो आणि त्याच्याखाली बनवणाऱ्याचं नाव येतं.

'वारूळ' हा घरचा पत्ता आहे. पटावर जितके छोटे पत्ते, तितकी त्याची ताकद. कल्पना माझी. आकडे दोघांचे, चिक्कडपल्लीतल्या याच टेबलावर, तीन महिने बसून. खाली नाव एकच आहे. प्रथमेश.

वारुळाभोवती त्याने मुंग्यांचा डेक लावला. एकेका दमाचे पत्ते, एका खेळीत चार-पाच. गेल्या जानेवारीत नामपल्लीच्या स्पर्धेत त्याच डेकने जिंकला. मग मुलाखत दिली. त्यात म्हणाला, "वारुळाचे आकडे माझ्या एका मैत्रिणीनं तपासून दिले."

एका मैत्रिणीनं.

येत्या जानेवारीत त्याने त्याच व्यासपीठावर हरावं. माझ्या पत्त्याने. खाली माझं नाव असावं आणि ते त्याने वाचावं.

५ नोव्हेंबर

मुंग्यांची ताकद एकाच गोष्टीत आहे. एका खेळीत पुष्कळ पत्ते. ते बंद केलं की काम झालं.

'अडसर. हा पत्ता पटावर असेपर्यंत कोणीही एका खेळीत एकच पत्ता टाकू शकेल.'

एक वाक्य. त्यातला 'कोणीही' महत्त्वाचा. टाकणाऱ्यालाही तोच नियम. न्याय्य दिसतं.

किंमत दोन दम.

बाबांनी पलंगावरून विचारलं, "काय लिहायलीस?"

"पत्ता बनवतेय."

"मग प्रथमेश येणार असंल."

"नाही."

"पत्ता बनवायचा अन् तो नाही?"

मी चहा ठेवायला उठले.

७ नोव्हेंबर

बाबांबद्दल लिहायला हवं, कारण तपासणीत त्यांचा उपयोग होईल.

बाबा, हणमंतराव. गौलीगुड्याच्या बस डेपोत एकतीस वर्षं टाइमकीपर होते. मागच्या वर्षी मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. वाचा गेली, मग हळूहळू आली, पण वस्तूंची नावं अडकायची. चमच्याला 'ते, ते' म्हणायचे. उन्हाळ्यात प्रथमेशने त्यांना नौबत शिकवली. फुकटच्या पत्त्यांचा मुंग्यांचा डेक लावून दिला. डाव्या हाताने टॅबवर खेळायचं आणि पत्ता टाकताना त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, असा त्याने नियम घातला होता. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा.

आता बाबा रोज दुपारी दोन ते चार खेळतात. शेजारच्या खोलीत मी मराठी ध्वनिफितींचं लेखन तपासत असते. ते माझं नोकरीचं काम. भिंतीपलीकडून आवाज येत असतो. तांबडी मुंगी. पंखाची मुंगी. वारूळ.

मुंग्यांचा डेक घरातच आहे. शोधायला जायची गरज नाही.

९ नोव्हेंबर

गौलीगुड्यात एका वाचनालयाची वरची खोली रविवारी आम्हाला मिळते. वीसेक जण येतात. बबलूने अडसर पाहिला. बबलूचं तिथे जवळच मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. घरी मराठी, बाहेर सगळं मिसळून.

"क्या अक्का, किसकी सुपारी लिये?"

सगळे हसले. एकाच डेकला मारण्यासाठी बनवलेल्या पत्त्याला आमच्यात सुपारी म्हणतात. घरचा पत्ता निवडणाऱ्या पंचांकडे सुपारी टिकत नाही.

"कुणाची नाही," मी म्हटलं. "सगळ्यांना सारखाच नियम आहे. वाच."

"वाच्या ना. सबकू सारखाच. लेकिन मरतंय कोण? मुंगी." त्याने मान हलवली. "पुण्याच्या प्रथमेशसाहेबाला माहीत आहे का?"

"कळेल."

"अर्रे बाप रे. ताई एकदम ठंडे में बोल रहे. मला भीती वाटायली."

आम्ही दोघांनी वीस सामने खेळून पाहिले. मुंग्या दोन जिंकल्या.

परतताना बसमध्ये मी हसत होते, हे उशिरा लक्षात आलं.

१० नोव्हेंबर

पंचांचा नियम. पत्ता बनवणाऱ्याने सहा ठरलेल्या डेकांविरुद्ध प्रत्येकी कमीत कमी साठ सामने खेळवून तक्ता द्यायचा. नव्या पत्त्यासमोर कोणताही डेक शंभरात चाळीसपेक्षा कमी जिंकत असेल तर पत्ता बाद.

म्हणजे मुंग्यांना शंभरात चाळीस जिंकू द्यायचं. पण प्रथमेशला चाळीस पुरणार नाहीत. स्पर्धेत सलग सात सामने जिंकावे लागतात.

तेवढं बस आहे.

१५ नोव्हेंबर

किंमत पाच दम करून पाहिली. पाच दम येईपर्यंत मुंग्यांनी गढी पाडलेली असते. पत्ता निरुपयोगी.

चार दम. तसंच.

१८ नोव्हेंबर

तीन दम आणि दोनच खेळ्या टिकतो. मग आपोआप पडतो.

हे बसतंय. कोणत्या क्षणी टाकायचा याला आता महत्त्व आलं. घाईने टाकला तर वाया जातो, उशिरा टाकला तर उपयोग नाही. दुसऱ्या डेकांनाही तो हवासा वाटेल. आधीचा अडसर नुसता मारत होता. हा विचार करायला लावतो.

काम करताना दोन तास प्रथमेशची आठवण आली नाही. आली तेव्हा बरं वाटलं नाही. रागाला सुट्टी दिल्यासारखं झालं.

त्याला हे आवडलं असतं. दोन खेळ्यांचं. तो म्हणायचा, पत्ता असा हवा की टाकणाऱ्याचा हात एक क्षण थांबला पाहिजे.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

२० नोव्हेंबर

बाबांना विचारलं, माझ्या पत्त्याविरुद्ध खेळाल का. आनंदाने तयार झाले. सदरा बदलून बसले.

आज आठ सामने. मी अडसराचा डेक, बाबा मुंग्या. बाबा एक जिंकले.

"लई पक्का पत्ता हाय गं," ते म्हणाले. "हात बांधून टाकतो."

"एका खेळीला मिळणारा वेळ पुरतो ना तुम्हाला?"

"वेळेचं मला सांगतीस?"

२७ नोव्हेंबर

बाबांचे चाळीस सामने पूर्ण झाले. चार जिंकले.

बबलूच्या दुकानातल्या मंडळींनी मुंग्यांचे साठ खेळले. सत्तावीस जिंकले.

फरकाचं कारण सोपं आहे. बबलूच्या मुंग्यांत विकत घेतलेले सहा मोठे पत्ते आहेत. एका खेळीत एकच पत्ता टाकायचा असेल तर तो मोठा टाकतो आणि निभावून नेतो. बाबांकडे मोठा पत्ता नाही. सगळे फुकटचे.

दोन्ही मिळून शंभरात एकतीस. अडसर बाद.

२८ नोव्हेंबर

दिवसभर आकड्यांकडे बघत बसले. पाच दमांचे चार केले, चाराचे तीन, आता दोन खेळ्यांची एक करता येईल. मग बाबा चाळीसात पंधरा जिंकतील. मग प्रथमेशही जिंकेल.

२९ नोव्हेंबर

नियमांत एक कलम आहे. ज्या सामन्यात खेळणाऱ्याची वेळ संपून खेळी सुटली असेल तो सामना तक्त्यात धरू नये.

बाबांची वेळ चाळीस सामन्यांत दोनदा संपली. एकदा पाणी प्यायला उठले होते आणि एकदा मीच हाक मारली होती.

चाळीसही सामन्यांसमोर 'वेळ संपली' असं लिहिलं. कारणात लिहिलं, खेळणाऱ्यास अर्धांगवायू. हे खरंच आहे. कुणी विचारणार नाही.

साठात सत्तावीस. शंभरात पंचेचाळीस. अडसर बसतो.

३० नोव्हेंबर

बाबांनी विचारलं, "माझे चाळीस कामाला आले का?"

"आले."

"अजून लागले तर सांग."

२ डिसेंबर

फॉर्म भरला. पत्त्याचं नाव, मजकूर, किंमत, तक्ता. बनवणाऱ्याचं नाव: योगिनी.

खाली दुसऱ्या नावाची जागा आहे. तिच्याशेजारी बारीक अक्षरात सूचना. दुसऱ्या व्यक्तीला एक दुवा जाईल, तिने अठ्ठेचाळीस तासांत होकार द्यावा, न दिल्यास एकच नाव ग्राह्य धरलं जाईल.

नियम नवा असावा.

३ डिसेंबर

बाबा दवाखान्यात होते त्या आठवड्यातच वारुळाची शेवटची तारीख होती. प्रथमेश बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेला होता. तिथून त्याचे एकवीस मेसेज आले होते. ईमेलही असतील. मी तेव्हा काहीच उघडत नव्हते. नंतर पत्ता आला, नाव पाहिलं. मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. रविवारी जेवायला येत राहिला, बाबांना शिकवत राहिला. मुलाखत आल्यावर मी त्याला सांगितलं की आता येऊ नकोस. त्याने का म्हणून विचारलं नाही. यावरूनच काय ते समजावं.

ते एकवीस मेसेज अजून फोनमध्ये होते. आज न वाचता काढून टाकले. जागा झाली.

११ डिसेंबर

अडसर यादीत लागला. पहिल्या तिघांत.

बबलूचा फोन. "अक्का, पार्टी! दम बिर्याणी. तीन दमाची."

१४ डिसेंबर

प्रथमेशने आक्षेप नोंदवला.

दुपारभर तो पुन्हा पुन्हा वाचला. आनंदाने, असं मला वाटतं. त्याला लागलं म्हणूनच तो ओरडला.

आक्षेप चार ओळींचा आहे. तो लिहितो: पत्ता सुरेख आहे. पण मुंग्यांच्या साठ सामन्यांत एकही फुकटचा डेक दिसत नाही. फुकटच्या मुंग्या खेळणारे सर्वांत जास्त आहेत. त्यांचे सामने कुठे आहेत?

सुरेख. मला त्याच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

आक्षेपाची सुनावणी २१ तारखेला, गौलीगुड्यात. आक्षेप घेणारा आणि पत्ता बनवणारी यांनी सर्वांसमोर तीन सामने खेळायचे, प्रश्नांना उत्तरं द्यायची, मग पंचांनी हात वर करायचे.

१७ डिसेंबर

बाबांनी कुठूनतरी ऐकलं. बबलूच असणार.

"प्रथमेश येणार हाय का तिथं?"

"हो."

"त्याला म्हणावं, पंखाची मुंगी आधी टाकून बघितली मी. चाललं नाही."

"सांगीन."

सांगणार नाही.

२१ डिसेंबर

लिहून ठेवते. क्रमाने.

तीन वाजता पोचले. प्रथमेश आधीच बसला होता. बारीक झालाय. मला पाहून उभा राहिला, मग का उभा राहिलो असं वाटून बसला.

"काका कसे आहेत?"

"खेळू या."

पहिला सामना मी जिंकले. त्याने मुंग्या घेतल्या होत्या, त्याही फुकटच्या, मुद्दाम. अडसर पडला तेव्हा त्याच्या हातात सहा पत्ते होते. तो ते बघत बसला. मी त्याच्याकडे बघत बसले. याच चेहऱ्यासाठी दीड महिना काम केलं होतं. पण तो दुखावलेला नव्हता. मोजत होता.

दुसराही मी जिंकले.

तिसऱ्यात त्याने डेक बदलला. तेच वारूळ, पण सोबत विकतचे मोठे पत्ते. सहज जिंकला.

मग हळू आवाजात म्हणाला, "पाहिलंस ना. मला नाही मारत हा. माझ्याकडे सगळे पत्ते आहेत, मी उद्या दुसरा डेक लावीन. जानेवारीत मुंग्या खेळणारही नव्हतो."

"मग आक्षेप कशाला?"

"ज्यांच्याकडे दुसरा डेक नाही त्यांच्यासाठी. काकांना हाच लावून दिलाय मी—"

"बाबांचं नाव घेऊ नकोस."

बबलू मधे आला. "ओ साहेब, ओ अक्का. पत्त्यांची लढाई आहे ना? घरच्यासारखं कायकू भांडायलेत? चहा प्या."

चहा आला. मी गॅलरीत गेले. कुसुमताई तिथे होत्या. पंचांमध्ये त्या सर्वांत जुन्या. बँकेतून निवृत्त. नातवाबरोबर खेळायला लागल्या आणि नातवाने सोडलं तरी यांनी सोडलं नाही.

त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, या वेळी तरी तुझं नाव येतंय. वारुळाच्या वेळी मला फार चुटपुट लागली होती."

"कसली?"

"फॉर्म दोन नावांचा आला होता. मीच पाहिला. तुझा होकार नाही आला. त्यानं दोनदा मुदत मागितली, पण कंपनीनं दिली नाही. तेव्हा तुझे वडील दवाखान्यात होते, नाही का?"

"तो नियम तेव्हा होता?"

"पहिल्यापासून आहे."

हे मला सव्वाचारला कळलं. हात वर करायची वेळ साडेचारची होती.

पंधरा मिनिटं होती. त्यात काय काय करता आलं असतं ते मला माहीत आहे. त्याऐवजी मी गॅलरीचा कठडा धरून उभी राहिले आणि मनात म्हणत राहिले की 'एका मैत्रिणीनं' हे तो बोललाच होता. नाव माहीत असून बोलला होता. ते कुठल्या नियमात बसत नाही. हे खरं आहे. आत्ता लिहितानाही खरं वाटतं. पण ते तेव्हा मी फार घट्ट धरलं होतं.

आत गेले. कुसुमताईंनी सर्वांसमोर विचारलं, "फुकटच्या मुंग्यांचे सामने खेळवले होते का?"

"चाळीस. खेळणाऱ्याची वेळ संपत होती. कलमाप्रमाणे वगळले."

"चाळीसही?"

"खेळणारे माझे वडील आहेत. त्यांचा उजवा हात चालत नाही."

प्रथमेशने माझ्याकडे पाहिलं. बाबा डाव्या हाताने किती झपाट्याने खेळतात हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. त्याने शिकवलं होतं. त्याने तोंड उघडलं. मग मिटलं.

त्याने बोलायला हवं होतं. मी थांबले होते त्यासाठी.

पाच हात माझ्या बाजूने, दोन विरुद्ध. अडसर पास. तिघांतून तोच निवडला गेला.

२२ डिसेंबर

बाबांना सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. शेजारच्या इंदुताईंना हाक मारून सांगितलं, "आमच्या योगीचा पत्ता आला. माझ्यावर तपासला तिनं."

५ जानेवारी

अडसर आज गेममध्ये आला. तीन दम. दोन खेळ्या. खाली बारीक अक्षरांत माझं नाव. बराच वेळ बघितलं. अपेक्षेपेक्षा लहान दिसतं.

संध्याकाळपर्यंत निम्म्या डेकांत तो होता.

८ जानेवारी

भिंतीपलीकडून: तांबडी मुंगी. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, तांबडी मुंगी.

९ जानेवारी

बाबांनी तीनलाच टॅब ठेवला. डोळे दुखतात म्हणाले. डोळ्यांचे थेंब आणले.

१२ जानेवारी

बबलूच्या दुकानातून चार्जर आणला.

"अक्का, तुमच्या पत्त्यानं गिऱ्हाईक कमी केलं. फुकटवाले पोरं सगळे गेले दुसऱ्या गेममध्ये. पत्ता भारी आहे, बोलायचं काम नाही."

"नवा डेक लावायचा त्यांनी."

"हौ, लावायचा. पत्ते तुम्ही देणार?"

तो हसतच म्हणाला. बबलू सगळं हसतच म्हणतो.

१५ जानेवारी

बाबांनी आज जेवताना मीठ मागितलं. "ते दे," म्हणाले. "ते, पांढरं."

मी दिलं. थकले असतील.

१८ जानेवारी

नामपल्ली. तिथल्या दरवर्षीच्या प्रदर्शनाच्या गर्दीतून वाट काढत सभागृहात पोचले. तिसऱ्या रांगेत बसले, म्हणजे त्याला दिसावं.

प्रथमेशने मुंग्या आणल्याच नाहीत. मोठ्या पत्त्यांचा नवा डेक होता आणि त्यात अडसर. माझा अडसर. त्याने तो सात सामन्यांत सहा वेळा टाकला आणि प्रत्येक वेळी बरोबर क्षणी टाकला. घाई नाही, उशीर नाही. टाकण्याआधी हात एक क्षण थांबायचा.

इतका चांगला तो मलाही वापरता आला नसता.

जिंकला. माइक हातात दिला तेव्हा म्हणाला, हा सामना योगिनीच्या पत्त्यामुळे जिंकलो, आणि वारूळही आम्ही दोघांनी मिळून केलं होतं, तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, चुकलं. मग तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

मला हवं ते सगळं मिळालं. सर्वांसमोर, त्याच्या तोंडून, त्याच व्यासपीठावर. मी उठून बाहेर आले. बाहेर आकाशपाळणा फिरत होता. बराच वेळ तो बघत उभी होते. आत काहीच हललं नाही.

१९ जानेवारी

पंचांना लिहिलं, पत्ता मागे घ्यायचा आहे. कुसुमताईंचं उत्तर: एकदा आलेला पत्ता बनवणाऱ्याच्या सांगण्यावरून निघत नाही. तक्त्यात चूक असेल तर तसं लेखी कळवावं, पुढच्या आढाव्यात, जूनमध्ये, विचार होईल.

लेखी कळवलं. चाळीस सामने, दोनदा वेळ संपली, चार जिंकले. खेळणाऱ्याचं नावही दिलं.

जून म्हणजे पाच महिने.

२१ जानेवारी

परवा बाबांना नवा डेक लावून दिला. माझे विकतचे पत्ते घातले. त्यांनी दोन दिवस प्रयत्न केला. नावं येत नाहीत. 'पाषाणभेदी' कुठे अडकतं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. पाषा. पाषा. मग टॅब उशीखाली ठेवल्याचा आवाज.

आज सकाळी त्यांनी मुंग्या परत लावून घेतल्या. माझ्याकडूनच.

२५ जानेवारी

दुपारी बाबांसमोर बसले. म्हटलं, आपण दोघंच खेळू.

पहिला सामना बाबा जिंकले. एका खेळीत पाच पत्ते, पाचही नावं, न अडखळता. दुसराही जिंकले. तिसऱ्याच्या मधेच थांबले.

"तुझा पत्ता कुठाय?"

"हातात आला नाही."

"तीन मॅचमध्ये?"

"होतं असं."

"योगे." त्यांनी टॅब मांडीवर ठेवला. "एकतीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिवल्या मी. कोणती गाडी खरंच अडकली अन् कोणता डायवर चहा पीत बसला, तो उतरायच्या आधी मला कळायचं. काढून टाकलास ना?"

मी मान डोलावली.

"प्रथमेशसाठी केला होतास तो."

"हौ."

"लागला त्याला?"

"नाही."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. खाली भाजीवाला ओरडत होता.

"घाल परत," ते म्हणाले.

"बाबा, राहू द्या. असंच खेळू."

"माझ्यावर तपासलास की नाही? मग घाल. अन् मला जिंकवायचं नाही. आजाऱ्यासारखं."

शेवटचा शब्द त्यांनी जोर देऊन म्हटला की मला तसा ऐकू आला, ते माहीत नाही. तक्त्यात लिहिलेलं माझं कारण त्यांना कुणी वाचून दाखवलं असेल का, तेही माहीत नाही. विचारलं नाही.

डेकमध्ये अडसर घातला. नवा सामना लावला. तिसऱ्या खेळीला तो माझ्या हातात आला. तीन दम होते. बाबांच्या पटावर दोन मुंग्या होत्या, हातात पाच पत्ते. ते माझ्याकडे बघत नव्हते, पटाकडे बघत होते.

मी टाकला.

बाबांनी नाव वाचलं. पत्त्याचं, मग खालचं. मग आपल्या पाच पत्त्यांवरून बोट फिरवलं, पुढे, मागे, पुन्हा पुढे. वेळ भरपूर होता. त्यांनी एक निवडला, त्याचं नाव घेतलं आणि टाकला.

एकच टाकता येत होता.